विमानात विणकाम नेताना

लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला निघालेल्या बाईच्या पिशवीत अर्धे विणलेले टोपडे असतेच. मात्र त्या पिशवीची तपासणी मुंबईत होते, विमान बदलताना लंडनमध्ये पुन्हा होते आणि परतताना अमेरिकेतही होते, हे ध्यानात ठेवूनच ती भरावी.

अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांच्या नियमांनुसार विणायच्या सुया केबिनमध्ये नेता येतात. अडचण होते ती कात्रीची. अमेरिकेत पाते जोडाच्या खिळ्यापासून 4 इंचांपेक्षा लहान असले तर कात्री चालते, ब्रिटनमध्ये मात्र मर्यादा 6 सेंटिमीटरची आहे. त्यामुळे वाटेतला सर्वांत कडक नियम धरूनच कात्री निवडावी. भारतातून निघताना तर ती टोकाला जाड कापड गुंडाळून सरळ चेक-इन सामानात टाकावी, म्हणजे वाद उरत नाही. गळ्यात अडकवायचा, आत गोल पाते असलेला दोरा-कटर दिसायला निरुपद्रवी असला, तरी अमेरिकेत तो केबिनमध्ये चालत नाही. विमानात दोरा कापायला साधे नेलकटर पुरते.

नियम काहीही असला तरी अखेरचा शब्द समोरच्या तपासनिसाचा असतो. एका विमानतळावर माझी स्टीलची सुई काढून घेतली गेली तेव्हा तिच्यावर स्वेटरच्या पाठीचे शंभरावर टाके होते आणि ते सगळे माझ्या डोळ्यांदेखत सुटले. तेव्हापासून मी घरून निघण्यापूर्वी मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवते, सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून तो पार करते आणि दोन्ही टोके वीतभर लांब सोडून एकमेकांना बांधते. असे केले की सुई गेली तरी टाके दोऱ्यावर राहतात, आणि मुक्कामी पोहोचल्यावर नवी सुई त्याच वाटेने घालता येते. दोरा लोकरीचा घेऊ नये, तो टाक्यांना चिकटतो. कितवी ओळ चालू आहे, हे कागदावर लिहून ठेवावे.

सुयांमध्ये लाकडी किंवा बांबूच्या, आणि शक्य तर मध्ये तार असलेल्या गोल सुया घ्याव्यात. त्या शेजाऱ्याच्या कोपराला लागत नाहीत. क्रोशा नेणाऱ्यांचे काम त्याहून सोपे, कारण आकडी काढून घेतली तरी सुटायला एकच टाका असतो. भरतकामासाठी लहान रिंग, एक-दोन सुया आणि पुठ्ठ्यावर गुंडाळलेले दोरे एवढेच पुरे. महागड्या सुयांचा संच मात्र चेक-इन सामानातच ठेवावा.

लोकरीचा गुंडा तोंडाशी नाडी असलेल्या छोट्या पिशवीत घालून ती मनगटाला अडकवावी. मांडीवर मोकळा ठेवलेला गुंडा विमान नाक वर करून उडाले की मागच्या रांगांकडे धावत सुटतो, आणि पट्ट्याची खूण विझेपर्यंत त्याच्यामागे उठून जाता येत नाही.