केळीच्या व्हिनेगरचं यीस्ट रेंगाळलं तर

वापसी केळीचं (व्यापाऱ्याने न घेता परत केलेल्या मालाचं) घरी व्हिनेगर करताना पहिला आठवडा यीस्टचा असतो. साखरेचं अल्कोहोल यीस्ट करतं. त्याचं आम्ल करणारे जिवाणू नंतर येतात. पहिला टप्पा अडकला की हाती फक्त गोडसर, आंबूस पाणी उरतं.

दोन दिवस बुडबुडे दिसले नाहीत म्हणून लगेच आणखी यीस्ट ओतू नका. झाकण सैल असेल तर वायू कडेने निघून जातो, झाकणाला लावलेल्या वायू-नळीत काहीच दिसत नाही. निवाडा हायड्रोमीटरने करा. रसात तरंगून त्याची घनता दाखवणारं हे साधन; साखर कमी झाली की आकडा उतरतो. 5 किलो पिकलेल्या केळ्यांचा सव्वातीन किलोच्या आसपास गर निघतो. त्यात तितकंच पाणी घातलं, की सुरुवातीला 1.040 ते 1.048 च्या दरम्यान आकडा मिळतो. रस मलमलच्या फडक्याने गाळूनच मोजा, नाहीतर गरामुळे हायड्रोमीटर अडतो. दुसऱ्या दिवशी आकडा उतरला असेल तर काम चालू आहे, हात लावू नका. बागायतदारांकडचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर इथे चालत नाही. अल्कोहोल तयार झालं की तो साखर आहे त्याहून जास्त दाखवतो.

आकडा हलतच नसेल तर आधी तापमान बघा. आपल्याकडे बहुतेक वेळा घोडं तिथेच अडतं. यीस्टला 25 ते 30 अंश मानवतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 44 च्या वर जातो, आणि आंबताना बरणीतला रस स्वतःही तापतो, म्हणून थर्मामीटर खोलीत नव्हे, रसात धरा. 35 च्या वर गेला तर बरणी पाण्याच्या घमेल्यात ठेवून भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. कोरड्या हवेत हा उपाय झकास चालतो. जानेवारीत उलट: रात्री पारा 10 च्या आसपास आला की यीस्ट झोपतं, मेलेलं नसतं. बरणी गोधडीत गुंडाळून चुलीजवळच्या भिंतीला ठेवा.

मग केळी तपासा. सालीवर काळे ठिपके नसलेल्या केळ्यात पिठूळ स्टार्च बराच उरलेला असतो, आणि ब्रेडचं यीस्ट स्टार्च खात नाही. गूळ घालून भरपाई करायला जाऊ नका. साखर फार झाली तर यीस्ट आणखी दबतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही त्रास देतं, पाणी 15 मिनिटं उकळून गार करून घ्या.

यीस्ट जिवंत आहे का, हे अर्धा कप कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट घालून कळतं. 10-15 मिनिटांत फेस आला नाही तर पाकीट फेकून द्या.

थांबलेल्या रसात नवं यीस्ट कोरडं भुरभुरू नका. लिटरला 1 ग्रॅम या हिशेबाने घेऊन दहापट कोमट पाण्यात 15 मिनिटं भिजवा, त्यात त्याच बरणीतला कपभर रस घाला, फेस चढला की सगळं ओता. वर आलेला गराचा थर दिवसातून दोनदा उकळलेल्या चमच्याने खाली दाबा. तो सुकला तर बुरशी धरते. हिरवी-काळी बुरशी दिसली तर माल टाकून द्या.

आकडा 1.005 च्या आसपास दोन दिवस स्थिर राहिला की गाळा, जुनं, न उकळलेलं व्हिनेगर विरजण म्हणून घाला आणि तोंडाला फडकं बांधा. त्याआधी मात्र झाकण उघडं ठेवू नका. हवा लागली की आम्ल लवकर तयार होतं आणि अर्धवट राहिलेलं यीस्ट तिथेच बंद पडतं.