कोरियन विद्यार्थ्यांना इंग्रजी संभाषण शिकवताय? या चुका टाळा

“समजलं का?” विचारलं की विद्यार्थी “येस, येस” म्हणत मान डोलावतो आणि शिक्षक पुढे सरकतात. घोळ इथूनच सुरू होतो. कोरियन ‘ने’ म्हणजे ‘हो’, पण फोनवरच्या आपल्या ‘हं... हं’सारखं ते नुसतं ‘ऐकतोय’ एवढंही सांगतं. नवशिका तेच ‘येस’ म्हणून बोलतो. तेव्हा ‘समजलं का?’ सोडाच, “मग मीटिंग कुठल्या वारी?” असं विचारा.

“डोंट यू लाइक कॉफी?” याला “येस” आलं, तर बहुधा ‘हो, नाही आवडत’ असं म्हणायचं असतं. मराठीतही “जेवला नाहीस?” “हो ना, नाही जेवलो” चालतंच, त्यामुळे हसू नका. नुसतं येस-नो स्वीकारू नका, “नो, आय डोंट” पूर्ण म्हणवून घ्या.

नवशिका गप्प झाला की लगेच उत्तर पुरवू नका. कोरियनमध्ये क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते आधी शोधावं लागतं. मनात पाचपर्यंत मोजा. “लेट मी थिंक” मात्र पहिल्याच आठवड्यात शिकवा, म्हणजे बोलायची पाळी त्याच्याकडेच राहते.

खरी फसगत मधल्या पातळीवर. कोरियाच्या कॉलेजप्रवेश परीक्षेत, सुनुंगमध्ये, इंग्रजीचे 45 प्रश्न असतात: 17 ऐकण्याचे, 28 वाचनाचे, बोलण्याचा एकही नाही. नोकरीसाठी ‘ओपिक’ ही इंग्रजी बोलण्याची परीक्षा देतात, पण तिथेही पडद्यावरच्या पात्राला उत्तरं रेकॉर्ड करून द्यायची. मध्ये टोकणारं कोणी नाही. म्हणून ‘वीकेंड कसा गेला?’ विचारलं की पाठ केलेला मिनिटभराचा परिच्छेद येतो आणि मग पूर्णविराम. त्याला शाबासकी देऊन पुढचा प्रश्न टाकलात की झाली मुलाखत! नियम करा: दोन वाक्यं बोलायची, मग समोरच्याला प्रश्न, आणि त्या प्रश्नात त्याच्याच बोलण्यातला एक शब्द हवा. नीट ऐकू आलं नाही तर नुसतं “व्हॉट?” नको. “सॉरी, यू मेट हू?” असं नेमकं जे निसटलं तेच विचारायला लावा.

वरच्या पातळीवर व्याकरण तपासत बसू नका, सूर ऐका. “डू यू नो धिस प्लेस?” यावर “ऑफ कोर्स” म्हटलं की ‘हे काय विचारणं झालं?’ असं वाटतं. “येस, आय डू” पुरे. कंपनीतल्या बॅचमध्ये ‘बुजांग’ (विभागप्रमुख) बसला असेल, तर हाताखालचे लोक इंग्रजी चांगलं असूनही आधी तोंड उघडत नाहीत. त्यांना कच्चे समजून खालच्या बॅचला ढकलू नका. जोड्या समान हुद्द्याच्या लावा, साहेबाची जोडी स्वतःबरोबर.