पुस्तक काढायचंय? हॉल बुक करण्याआधी या चुका टाळा

मी पुण्यात संपादनाची आणि प्रूफं, म्हणजे छपाईआधीची पानं, तपासायची कामं करते. "मॅडम, पुस्तक तयारच आहे, फक्त एक नजर टाका" असा फोन आला की मी लिखाणाचं बाड यायच्या आधीच समजून जाते, तयार नाहीये. ज्यांचं खरंच तयार असतं त्यांचा आवाज वेगळा असतो, ते विचारतात की तिसरं प्रकरण काढून टाकू का, शेवट लांबलाय का, म्हणजे त्यांना आपल्या लिखाणात कुठे दुखतंय ते माहीत असतं. बाकीच्यांना फक्त तारीख माहीत असते.

आणि तारखेवरनंच सुरू करते, कारण सगळ्यात जास्त पुस्तकं याच चुकीने बिघडलेली बघितलीत. आधी हॉल, मग पाहुणे, मग पत्रिका, आणि उरलेल्या वेळात पुस्तक. पुण्यात प्रकाशन सोहळ्याची हौस जबरदस्त, टिळक रोड, नवी पेठ, डेक्कन, संध्याकाळी कुठे ना कुठे कुणाचं तरी पुस्तक रिबीन सोडवून बाहेर येतच असतं. हौसेला ना नाही. पण तारीख ठरली की प्रत्येक निर्णय "वेळ नाहीये हो" या एका कारणावर होतो.

एक काका होते, बँकेतून रिटायर झालेले, आठवणी लिहिल्या होत्या आणि छान लिहिल्या होत्या. पंचाहत्तरीला पुस्तक काढायचं मुलांनी ठरवलं, हॉल बुक, पाहुणे ठरले, आणि मग बाड माझ्याकडे. अर्धा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये टाईप केलेला, अर्धा कुणीतरी पूर्वी श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोडशी न जुळणाऱ्या फॉन्टमध्ये करून दिलेला. पानं लावून देणाऱ्या डीटीपीवाल्याने सगळं एकत्र कन्व्हर्ट केलं आणि व्हायचं तेच झालं, कुऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या, जिथे जिथे तो अर्धा र येतो तिथे चौकोन, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेले. मी म्हटलं किमान दोन प्रूफं लागतील आणि दुसऱ्या प्रुफात पहिल्यातल्या दुरुस्त्या गेल्यात का ते बघावं लागेल. उत्तर आलं, एकच बघा, पत्रिका वाटून झाल्यात. दुरुस्त्या करून प्रूफ परत दिलं, पुढे छापायला कुठली फाईल गेली ते थेट पुस्तक आल्यावर कळलं. पानशेत धरण फुटल्याचं प्रकरण दोनदा छापलं होतं. एक जुना खर्डा, एक नवा. एकात काका १२ जुलै १९६१ ला अण्णांचा हात धरून नदीकाठावरनं पळतायत, पाणी मागे येतंय, आणि तीस पानांनंतर तेच काका त्याच दिवशी साताऱ्याला मावशीकडे रेडिओवर बातमी ऐकतायत. समारंभात कुणालाच कळलं नाही, कारण समारंभात पुस्तक कोण वाचतं. नंतर बहिणीचा फोन आला, "दादा, तू तर तेव्हा साताऱ्याला होतास ना रे?" पळण्याची हकीकत धाकट्या भावाची होती, सांगून सांगून काकांना स्वतःची वाटायला लागली होती, आणि पुढच्या खर्ड्यात त्यांनी ती प्रामाणिकपणे दुरुस्तही केली होती. माणूस लेखक म्हणून तयार होता हो, फाईल तयार नव्हती, आणि शेवटी छापली जाते ती फाईल.

यावर माझा उपाय म्हणजे नुसत्या सवयी आहेत. फाईल एकच, नावात तारीख, आणि ती एकाच माणसाकडे, बाकीचे सगळे कागदावर खुणा करणार. लिहून झालं की बाड निदान एक पावसाळा कपाटात. मग वेगळ्या फॉन्टमध्ये, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून मोठ्याने वाचायचं, घरचे हसले तरी. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य वाईट असतं, मला आजवर याला अपवाद सापडला नाही. आणि पत्रिका छापायची ती छापील प्रती घरात आल्यावर. "पण मग हॉल मिळत नाही." नको मिळू दे.

पुढची चूक, घरच्यांना वाचायला देऊन मत विचारणे. बहीण रडली म्हणजे पुस्तक चांगलं असं नाही. परक्या माणसाला द्या आणि कसं वाटलं ते विचारूच नका, कितव्या पानावर खाली ठेवलंत एवढंच विचारा. तोच पान नंबर दोघांकडून आला तर तिथे काम आहे.

फेसबुकवर दोनशे लाईक मिळतात म्हणून पोस्टचं पुस्तक करणे. लाईक फुकट असतो, पुस्तक तीनशेला.

चोरीची भीती. संपादकाला बाड द्यायला घाबरतात आणि झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राईव्ह विसरून येतात. कॉपीराईट लिहिल्याक्षणी तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि लेखक गेल्यानंतरही ६० वर्षं राहतो. पण हेच लोक दुसऱ्याची अख्खी कविता परवानगी न घेता प्रकरणाच्या सुरुवातीला टाकतात, ते कसं चालतं देव जाणे.

आता पॅकेज, म्हणजे लेखकाकडून ठरावीक रक्कम घेऊन पुस्तक काढून द्यायची योजना. याचा मला खरंच राग येतो, आणि पॅकेज विकणाऱ्यांपेक्षा घाईने घेणाऱ्यांचा जास्त. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही, चांगली पुस्तकं तशी निघालीत. प्रॉब्लेम असा की लोक पैसे भरतात आणि प्रकाशकाने आपली निवड केली असं समजून चालतात. हिशोब कळावा म्हणून आकडे घेऊ. ५०० प्रती, किंमत ३०० रुपये, पॅकेज ९० हजार. विक्रेता-वितरक मिळून ४० टक्के घेतात असं धरा, हातात प्रतीमागे १८० रुपये उरले. म्हणजे नुसते घातलेले पैसे परत यायला पाचशेच्या पाचशे प्रती विकल्या जायला हव्यात, आणि तुम्ही समारंभातच शंभर वाटल्यात, १८ हजार तिथेच गेले. उरलेल्या चारशे कोण विकणार? अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊन स्वतः विचारून या, अनोळखी लेखकाच्या किती प्रती ठेवाल म्हणून. मिळेल ते उत्तर ऐकून घरी या आणि मग आकडा ठरवा. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा शंभर-दीडशे प्रती डिजिटल प्रिंटिंगवर काढा, प्रत महाग पडते पण पलंगाखाली गठ्ठे राहत नाहीत, आणि चुका सापडल्या तर पुढच्या खेपेला दुरुस्त होतात.

आणि पॅकेजमध्ये "आयएसबीएनसहित" असं ठळक लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. तो १३ आकडी नंबर भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी आहे, लेखकाला स्वतःला ऑनलाईन अर्ज करता येतो. पुस्तक ओळखायचा नंबर आहे तो, दर्जाचं सर्टिफिकेट नव्हे.

करार न वाचता सही करणारे तर विचारूच नका. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, कुठले हक्क, किती वर्षं, किती रॉयल्टी हे त्यात हवं. मुदत लिहिलीच नसेल तर कायद्याने ती ५ वर्षं धरतात, पण "कायमस्वरूपी" असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही खाली सही केलीत तर मग कुणापुढे रडणार? ऑडिओ, ई-बुक, अनुवाद हे वेगवेगळे हक्क आहेत, एका ओळीत गुंडाळून देऊ नका. पैसे तुमचे आणि हक्क त्यांचे असा कागद आला तर परत करा, चहा पिऊन निघा.

एकही लेख किंवा कथा कुठे न छापता थेट पुस्तक. आपल्याकडे १९०९ पासून दिवाळी अंक निघतायत, नव्या माणसाला इतकी सोय दुसरीकडे कुठे आहे? दोन-तीन अंकांना पाठवून बघा, उन्हाळ्यातच पाठवा, गणपतीत पाठवाल तर अंक भरलेला असतो. साभार परत आलं की काय होतं तुम्हाला, ते बघा. आठवडाभर चिडचिड करून परत लिहायला बसलात तर तुम्ही बरेचसे तयार आहात. संपादकाला फोन करून "तुम्ही नीट वाचलंच नाही" असं सुनावलंत तर अजून नाही.

मोठ्या माणसाची प्रस्तावना मागत फिरणे. वाचक ती सोडून पुढे जातो.

नवी मराठी पुस्तकं न वाचता लिहिणे. "आजकाल चांगलं कोण लिहितं" म्हणणाऱ्याला मी गेल्या दोन वर्षांतली तीन पुस्तकं विचारते, पुढे शांतता. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे, वर्गणी भरा, तुम्ही ज्या विषयावर लिहिताय त्याच विषयावरची नवी पुस्तकं आणा. कुणीतरी तेच तुमच्यापेक्षा बरं लिहिलेलं असतं, ते आधी कळलेलं बरं.

आणि शेवटची, अलीकडची. "शुद्धलेखन एआयकडून करून घेतलंय." बरं. मग आजी "कुटं गेलतास रं" म्हणायची ती आता "तू कुठे गेला होतास?" म्हणते, शेतातला गडी आकाशवाणीच्या बातम्यांसारखा बोलतो, आणि सगळ्या पात्रांना एकाच शाळेने पास केल्यासारखं वाटतं. लेखकाला हे दिसतही नाही कारण लाल रेघा गेल्या म्हणून तो खूष असतो. चुका फक्त दाखवायला सांगा, बदलायला नको, आणि संवादांना तर हातच लावू देऊ नका. असं धुऊन काढलेलं बाड माझ्याकडे आलं की मी आधीचा कच्चा खर्डा मागते, आणि तो डिलीट केला असेल तर काम घेत नाही.