अग्निशमन जवानांच्या कामाचा ताण कसा मोजावा

अग्निशमन दलातल्या जवानांचा ताण मोजून द्या, असं कुणी म्हटलं की प्रश्नावलीचं नाव काढण्याआधी मी विचारते, भरलेले कागद कुणाच्या कपाटात जाणार? ज्याच्या हातात बढती, बदली आणि रजा, त्याच्याच कपाटात जाणार असतील तर या फंदात पडू नका. सगळेच 'मजेत आहोत' लिहून देतील. कागद बाहेरच्या माणसाने गोळा करावेत आणि तेवढा वेळ अधिकाऱ्याने खोलीबाहेर राहावं. नुसतं नाव गाळूनही भागत नाही. 'वय 52, चालक, नोकरी 28 वर्षं' असा माणूस केंद्रात एकच असतो. वयाचे आणि नोकरीचे ढोबळ गट ठेवा. दहाहून कमी माणसांच्या गटाचा आकडा मी अहवालात वेगळा देत नाही.

सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ कोहेन आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये मांडलेली पीएसएस ही, माणसाला स्वतःला किती ताण जाणवतो ते मोजणारी मापनी पुरते. तिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत गेल्या महिन्याबद्दल विचारतात. प्रत्येक उत्तराला 0 ('कधीच नाही') ते 4 गुण, जास्तीत जास्त बेरीज 40. चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा हे प्रश्न चांगल्या बाजूने विचारलेले असल्याने त्यांचे गुण उलटे धरायचे, म्हणजे 0 ला 4 आणि 4 ला 0. मेख इथेच आहे. कंटाळलेल्या जवानाने वरपासून खालपर्यंत 'कधीच नाही'वर खुणा केल्या तर बेरीज शून्य न येता 16 येते, आणि 16 बघून कुणालाच शंका येत नाही. म्हणून बेरीज करण्याआधी प्रत्येक कागद नजरेखालून घाला आणि सरळ रेषेत उतरलेल्या खुणा बाजूला काढा. या मापनीवरून कुणाला आजारी ठरवू नका, ती त्यासाठी नाही.

ताण किती ते कळलं तरी कशाचा ते राहतंच. बीटन आणि मर्फी यांनी 1993 मध्ये खास अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेली प्रश्नावली ते विचारते. बाहेरच्यांना वाटतं, ज्वाळांचाच ताण असणार. माझ्यासमोर मात्र मोडलेली झोप, अपुरी माणसं आणि वरिष्ठांशी खटके हेच जास्त येतं. भीषण प्रसंगांची मनावर राहिलेली छाप तपासायला पीसीएल-5 ही प्रश्नावली वेगळी घ्या. तिच्यात वीस प्रश्न, कमाल गुण 80. बेरीज 31 ते 33 च्या पुढे गेली तर तज्ज्ञाकडून नीट तपासणी करून घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ.

वेळ सगळ्यांना सारखी हवी. रात्रपाळी संपवून आलेला आणि सुट्टीवरून परतलेला, दोघांचे कागद एकाच ढिगात टाकलेत तर तुम्ही झोपच मोजाल. मी ड्युटीच्या सुरुवातीला, हजेरी झाल्यावर कागद वाटते. मध्येच कॉल आला तर अर्धवट कागद रद्द, पुढच्या पाळीला नवा.

यंत्रांवर फार भिस्त नको. कॉलवर नाडी वाढते ती उष्णतेने, अंगावरच्या जड पोशाखाने आणि श्रमानेही; त्यातून मनाचा ताण वेगळा काढता येत नाही. हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार मोजायचाच असेल तर शांत बसवून पाच मिनिटं मोजा, आधी चहा-सिगारेट नको. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, उठल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात चढतं, त्यामुळे उठल्याची नेमकी वेळ हवी. रात्रभर घंटा वाजत असलेल्या केंद्रात ती कुठून आणणार? नमुने सुट्टीच्या दिवशी, घरी घ्यायला सांगा.

पीएचक्यू-9 ही नैराश्य तपासणारी प्रश्नावली निनावी कागदात घालण्याच्या मी विरोधात आहे. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे कुणी 'रोज' अशी खूण केली आणि तो कोण हेच कळत नसेल, तर तुम्ही करणार काय? हा प्रश्न समुपदेशकाने समोरासमोर, त्याच दिवशी मदत मिळेल अशी सोय करूनच विचारावा.

निकाल आधी जवानांना सांगा, मग वरिष्ठांना. पाळ्यांमध्ये किंवा मनुष्यबळात काही बदल झाला, तर पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, हजेरीनंतरच, तीच प्रश्नावली पुन्हा द्या.