लॉन पिवळं पडलं? आधी ओढून बघा

लॉनमध्ये पिवळा चट्टा दिसला की लगेच औषध आणायला धावू नका. नाशिकसारख्या द्राक्षाच्या गावात बुरशीनाशक कोपऱ्यावर मिळतं, म्हणून ते मारायलाच हवं असं नाही.

चट्ट्याच्या मधलं मेलेलं गवत फारसं काही सांगत नाही. कडेला बघा, जिथे हिरवं आणि पिवळं भेटतं. तिथलं गवत मुठीत धरून ओढा. चटईसारखं अलगद उचललं गेलं तर मुळं खाल्लेली आहेत. खुरप्याने चार बोटं माती उकरा. पांढरट, अर्धगोल वळलेली, तपकिरी डोक्याची अळी म्हणजे हुमणी. नाशिकात पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, आणि लॉनची दैना दिसते ती ऑगस्ट-सप्टेंबरात. साळुंक्या एकाच जागी सारख्या टोचत असतील तर तिथेच उकरा. अळ्या सापडल्या तर मेटारायझियम (अळ्या मारणारी मित्र-बुरशी) ओल्या मातीत द्यावं. कोरड्यात दिलं तर पैसे वाया.

मुळं घट्ट, पण पाती कुरतडलेली? पाच लिटर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन चमचे मिसळून चौरस मीटरभर जागेत ओता. लपलेल्या अळ्या दहा मिनिटांत वर येतात.

पात्यांवर डाग आणि पहाटे दवात पांढरे तंतू असले तर बुरशी. संध्याकाळचं पाणी बंद करून सकाळी द्या, युरिया थांबवा.

आणि छोट्या गोल चट्ट्याभोवती गडद हिरवी कड असेल, तर बहुधा कुत्र्याच्या लघवीचं काम.