बेळगावहून मुंबईला स्टॅम्पिंगला जाताय? आधी नंबर जुळवा

एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत असलेली आपली बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं तीन आठवड्यांची रजा टाकून घरी येतात आणि त्यातच व्हिसा स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घेणं, उरकायचं ठरवतात. मीपण तसंच ठरवलेलं आणि अपॉइंटमेंट वाया घालवली, म्हणून हे लिहितोय.

पासपोर्ट, आय-७९७ (एच-वन-बी मंजुरीचा कागद), पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र हे कुणी विसरत नाही. जुना पासपोर्टपण घ्या, बास.

आता मुख्य. डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, त्याच्या कन्फर्मेशनवर एए००ने सुरू होणारा नंबर असतो. ज्या नंबरवर अपॉइंटमेंट घेतली, तोच नंबर हातातल्या कागदावर पाहिजे. तोच! माझ्या पासपोर्टवर जन्मगाव बेलगाम आणि फॉर्मात मी बेळगावी टाकलेलं. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या कागदात ही दोन नावं आहेत. आदल्या रात्री ते दिसलं, घाबरून नवा फॉर्म भरला, प्रिंट काढली, झोपलो. नवा फॉर्म म्हणजे नवा नंबर, हे डोक्यातच आलं नाही. सकाळी बायोमेट्रिकच्या खिडकीवर बाईंनी दोन्ही कागद, फॉर्मचं कन्फर्मेशन आणि अपॉइंटमेंटचं पत्र, शेजारी शेजारी ठेवले, शेवटच्या आकड्यांवर पेनाचं टोक टेकवलं आणि फाईल परत सरकवली. पुढची तारीख पाच आठवड्यांनी, तोवर परत जाता येईना, रजा बिनपगारी, आणि आई रोज विचारणार काय झालं म्हणून.

तेव्हा गावाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. फॉर्म परत भरावाच लागला तर अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये नवा नंबर टाका, आठवडाभर आधी, रात्री बारा वाजता नव्हे, आणि अपॉइंटमेंटचं पत्र नव्यानं प्रिंट करा. निघायच्या आधी बाबांना नाहीतर बहिणीला एक कागद धरायला सांगा, दुसरा तुम्ही धरा, एकेक आकडा मोठ्यानं वाचा.

फोटो बेळगावात खडेबाजारात काढा नाहीतर टिळकवाडीत, पण २ बाय २ इंच सांगा, पांढरं बॅकग्राउंड, चष्मा काढून. न सांगता ते नेहमीचा पासपोर्ट साईजच हातात देतात.

कर्नाटक तसं चेन्नईच्या अमेरिकन कॉन्सुलेटकडं येतं, पण मुंबईची तारीख घेतली तरी चालते आणि आपल्याला तीच सोयीची. २ सप्टेंबर २०२५ पासून ड्रॉपबॉक्स, म्हणजे इंटरव्ह्यूशिवाय नुसते कागद जमा करणं, जवळजवळ बंदच झालाय, इंटरव्ह्यूला स्वतः जावंच लागतं. रात्रीच्या बसनं पोचून सकाळी थेट रांगेत असलं करू नका, विशेषतः डिसेंबरात. इकडं बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा, बंदोबस्त. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या एसटीनं कर्नाटकातल्या फेऱ्याच थांबवलेल्या. एक दिवस हातात ठेवा, रेल्वेचं रिझर्वेशन करा.

बायोमेट्रिक आधी, इंटरव्ह्यू नंतर, दोन्ही एकाच दिवशी धरू नका. इंटरव्ह्यूला मोबाईल आत नेता येत नाही, कुणाकडं तरी देऊन जा. १५ डिसेंबर २०२५ पासून सोशल मीडियापण तपासतात, अकाउंटं पब्लिक करून ठेवा. पासपोर्ट हातात येईपर्यंत परतीचं तिकीट पक्कं करू नका.

आणि फाईल बंद करायच्या आधी तो नंबर परत एकदा बघा.