ढोल-ताशा पथकाने मदतनिधीसाठी लिलाव करताना कायदा कसा पाळावा

पुराने उद्ध्वस्त झालेल्या गावासाठी किंवा एखाद्या शाळेच्या वाचनालयासाठी पथकाला निधी उभारायचा असतो, तेव्हा चित्रे, स्वाक्षरी केलेल्या बॅटी, मानाचे जुने ढोल किंवा लग्नातले एक वादन लिलावात मांडण्याची कल्पना पुढे येते. देवीच्या साड्यांचा लिलाव आपल्याकडे अनेकांनी पाहिलेला असल्याने त्यात काही अवघड आहे असे वाटत नाही. परंतु आरंभीच एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. देणगी देणारा माणूस बदल्यात काही घेत नाही, तर बोली जिंकणारा वस्तू घेऊन जातो. त्यामुळे हेतू कितीही चांगला असला तरी कायद्याच्या दृष्टीने लिलाव ही विक्रीच ठरते. पावती, कर, करार आणि अल्पवयीन सदस्य यांविषयीचे पुढचे बहुतेक प्रश्न या एका भेदातून निर्माण होतात.

लिलाव कोणाच्या नावाने होणार, हे आधी ठरवा

अनेक पथकांची नोंदणीच नसते. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एक खजिनदार आणि त्याचे वैयक्तिक बँक खाते एवढ्यावर कारभार चालतो. सरावाचा मांडव आणि ढोलांची पाने (ढोलावर ताणलेले पडदे) यांच्या खर्चापुरते हे चालून जात असले, तरी लोकांकडून धर्मादाय कारणासाठी पैसे घेताना ते चालत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी नसलेल्यांनी अशा कारणासाठी निधी गोळा करायचा असेल, तर कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशोब सादर करावा लागतो. गणेशोत्सवापूर्वी मंडळे वर्गणीसाठी जी परवानगी काढतात तीच ही. परवानगीविना पैसे गोळा करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे.

पथक नोंदणीकृत असेल तर घटनेतील किंवा विश्वस्तपत्रातील उद्देश वाचून पाहावेत. केवळ वाद्यकलेचा प्रसार हा उद्देश असेल आणि लिलावाची रक्कम पूरग्रस्तांना द्यायची असेल, तर लेखापरीक्षणाच्या वेळी त्या खर्चाचे समर्थन करता येणार नाही. माझ्या मते लहान पथकांसाठी सर्वांत सुरक्षित मार्ग असा की, ज्या नोंदणीकृत संस्थेला मदत करायची आहे तिलाच लिलावाची आयोजक करावे, रक्कम थेट तिच्या खात्यात जमा करावी आणि पथकाने स्वयंसेवक म्हणून राबावे. गोव्यातील पथकांना महाराष्ट्राचा हा अधिनियम लागू नाही, त्यांनी तेथील नोंदणीचे नियम पाहावेत.

वस्तू स्वीकारताना कागद करा

प्रत्येक वस्तूसोबत देणाऱ्याचे छोटे पत्र घ्यावे. वस्तू त्याच्या मालकीची आहे, ती विकून येणारी रक्कम अमुक कार्यासाठी वापरावी आणि न विकली गेल्यास तिचे काय करावे, एवढे त्यात पुरते. आयकरातील ८०जी ची सवलत (मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीबद्दल देणाऱ्याला करात मिळणारी) फक्त पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूला नाही, हे चित्रकाराला किंवा दुकानदाराला आधीच स्पष्ट सांगावे, कारण यावरून नंतर कटुता येते.

काही वस्तू घेऊच नयेत. वाड्याच्या भिंतीवरची सांबराची शिंगे, हस्तिदंताची डबी किंवा कातडे विकणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे धोक्याचे आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि कलावस्तू, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते यांच्या विक्रीवर पुरावशेषांच्या कायद्याचे निर्बंध आहेत. तलवारी आणि मद्याच्या बाटल्या तर मांडूच नयेत. तरुण मुलांच्या कार्यक्रमात मद्य ठेवणे मला मुळातच अनुचित वाटते, परवाना मिळत असला तरीही.

नियमपत्रक लिहा आणि बोलीपूर्वी वाचून दाखवा

वस्तुविक्री अधिनियम, १९३० चे कलम ६४ लिलावालाच वाहिलेले आहे आणि ते पथकातल्या सर्व आयोजकांनी एकदा वाचावे इतके सोपे आहे. प्रत्येक वस्तूची विक्री हा स्वतंत्र करार मानला जातो. हातोडा पडल्यावर किंवा रूढ पद्धतीने तीन वेळा पुकारल्यावर विक्री पूर्ण होते आणि तोपर्यंत बोली मागे घेण्याचा अधिकार बोली लावणाऱ्याला असतो. किमान किंमत राखून ठेवता येते. विक्रेत्याला स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत बोली लावायची असेल, तर तो हक्क आधी उघडपणे जाहीर करावा लागतो. तसे न करता आपल्याच माणसाकडून किंमत चढवून घेतली, तर खरेदीदाराला ती विक्री नाकारता येते.

ही शेवटची बाब मी मुद्दाम अधोरेखित करतो. बोली थंड पडली की गर्दीतल्या मित्राला “तू हजार वाढव” असे सांगण्याचा मोह होतो आणि चांगल्या कामासाठी आहे म्हणून तो क्षम्यही वाटतो. तो क्षम्य नाही. दात्याच्या विश्वासावर उभ्या राहिलेल्या निधीत अशी एकच खोटी बोली उघडकीस आली, तर पथकाला पुढच्या वर्षी कोणी वस्तूही देणार नाही.

नियमपत्रकात रक्कम भरण्याची मुदत, रक्कम न भरल्यास वस्तू पुढच्या बोलीदाराला देण्याचा हक्क आणि स्वाक्षरी खरी असल्याबद्दल पथक काय हमी देते किंवा देत नाही, हे लिहावे. लग्नातले वादन लिलावात असेल तर तारीख, तास, ढोल-ताशांची संख्या, प्रवासखर्च आणि पोलीस परवानगी कोणी काढायची हेही नोंदवावे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर वादन करता येत नाही, हे विजेत्याला लेखी कळवलेले बरे.

अल्पवयीन सदस्यांबद्दल

पथकात पंधरा-सोळा वर्षांची मुले-मुली असतात आणि लिलावाचा उत्साह त्यांच्यातच सर्वाधिक असतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करू शकत नाही आणि तिने केलेला करार मुळातच निरर्थक असतो, हे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरीबीबी खटल्यात स्पष्ट केले. म्हणून मुलाने लावलेली बोली त्याच्यावर किंवा पालकांवर लादता येत नाही. बोलीचे क्रमांक फक्त प्रौढांना द्यावेत आणि नोंदवहीत ओळखपत्राची खातरजमा झाल्याची खूण करावी.

पैशाची पेटी, रोकड मोजणे आणि पावत्यांवर सही करणे ही कामे मुलांवर टाकू नयेत. हिशोब चुकला की संशय त्यांच्यावर येतो, आणि त्या वयात असा संशय झेलायला लावणे हा अन्याय आहे. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी असल्याने, मोबदला घेऊन विकलेल्या वादनात त्यांना उभे न करणेच योग्य. जाहिरातीत मुलांची छायाचित्रे वापरण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि छायाचित्राखाली पूर्ण नाव व शाळा छापू नये.

पैसे, पावत्या आणि कर

खरेदीदाराला विक्रीची पावती द्यावी, देणगीची नव्हे. पन्नास हजारांना चित्र घेणाऱ्याला त्याच रकमेची ८०जी पावती देणे म्हणजे चुकीचे प्रमाणपत्र देणे होय. ज्याला काही न घेता मदत करायची आहे त्याच्यासाठी वेगळे टेबल आणि वेगळे पावतीपुस्तक ठेवावे. तेथेही ८०जी मान्यता असलेल्या संस्थेच्याच नावाने पावती द्यावी आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत मिळत नाही हे सांगावे. नाव-पत्ता न घेता आलेली रक्कम निनावी देणगी ठरते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तिच्यावर ३० टक्के कर लागू शकतो, म्हणून दानपेटीवर फार विसंबू नये. एका व्यक्तीकडून एका कार्यक्रमात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही. स्वीकारल्यास तेवढाच दंड बसतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा पावत्या छापण्यापूर्वी सनदी लेखापालाला मसुदा दाखवावा.

जीएसटीबाबत गैरसमज मोठा आहे. धर्मादाय हेतूने केलेली वस्तूंची विक्री आपोआप करमुक्त होत नाही. फक्त वस्तू विकणाऱ्यांना नोंदणीसाठी ४० लाखांची वार्षिक मर्यादा आहे. पण पथक वर्षभर सुपाऱ्या, म्हणजे मोबदला घेऊन वादनाची कामे, घेत असेल तर ते सेवाही देते, आणि मग २० लाखांची मर्यादा पाहावी लागते. सुपाऱ्यांचे उत्पन्न आणि लिलावाची रक्कम एकत्र मोजली जाते.

सोडत काढू नका

लिलावाबरोबर शंभर रुपयांची कूपने विकून लकी ड्रॉ काढण्याची सूचना हमखास येते. पैसे घेऊन नशिबावर बक्षीस देणे म्हणजे लॉटरी. राज्याची किंवा राज्य सरकारने अधिकृत केलेली नसलेली लॉटरी चालवणे आणि तिची जाहिरात करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. ही सूचना बैठकीतच नामंजूर करावी.

परदेशातून येणारी रक्कम

लंडन किंवा न्यू जर्सीतील माजी वादक मदत करू इच्छितात, ही आनंदाची गोष्ट आहे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीची स्वतःच्या कमाईतली देणगी विदेशी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र विदेशी ठरते, तो ओसीआय कार्डधारक (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड असलेला) असला तरी. अशी देणगी एफसीआरए (विदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा) खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, तीही भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यात घेता येते. ऑनलाइन देणगीच्या पानावर नागरिकत्वाचा रकाना ठेवावा आणि नोंदणी नसल्यास ती रक्कम नम्रपणे नाकारावी.

लिलाव संपल्यावर

त्याच रात्री दोन प्रौढांनी रक्कम मोजून सह्या कराव्यात आणि दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी ती बँकेत भरावी. महिन्याच्या आत वस्तूनिहाय विक्री, खर्च आणि उरलेली रक्कम यांचा तक्ता सर्व दात्यांना पाठवावा. हस्तांतर धनादेशाने किंवा बँकेमार्फत करून लाभार्थी संस्थेची पोच घ्यावी. नोंदणीकृत संस्थेने ३१ मार्चच्या ताळेबंदात लिलावाची नोंद स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावी. बोलीची नोंदवही, दात्यांची पत्रे, पालकांच्या संमती आणि पावत्यांच्या स्थळप्रती किमान दहा वर्षे संस्थेच्या कार्यालयात ठेवाव्यात, कारण पथकाचे पदाधिकारी बदलत राहतात आणि कर विभागाची विचारणा नव्या कार्यकारिणीच्या काळात येऊ शकते.